साडेपाच फुटांचा सेकंड बेसमन आणि मायनर लीगचा करार: सही करावी का?

न्यू जर्सीतल्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा २२ वर्षांचा, इंजिनिअरिंगची पदवी नुकतीच हातात आलेली. कॉलेजच्या बेसबॉल संघात सेकंड बेस, म्हणजे दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या जागी, खेळायचा. उंची पाच फूट सहा इंच, वजन १५५ पौंड. जुलैच्या ड्राफ्टच्या (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या) २० फेऱ्या झाल्या, नाव आलं नाही. नंतर एका क्लबच्या स्काऊटचा (खेळाडू हेरणाऱ्याचा) फोन आला: बोनस ५,००० डॉलर, मायनर लीगचा (म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या संघांचा) करार, या आठवड्यात फ्लोरिडाला या. दुसरीकडे सप्टेंबरपासून रुजू व्हायची चांगली नोकरी. वडील विचारतात, "गावस्कर, तेंडुलकर बुटकेच होते ना? मग बेसबॉलमध्ये उंचीचा एवढा बाऊ का? आणि उंचीमुळे त्याला वर घेणारच नसतील तर दोन-तीन वर्षं वाया कशाला घालवायची? द्यायचीच तर किती?"

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पुण्यात फिजिओथेरपी करून मी इथे आले, अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि मेजर लीग क्लबांच्या खालच्या संघांबरोबर बरीच वर्षं काढली, जास्त करून सिंगल-ए आणि डबल-एमध्ये (खालून वर रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग अशा पायऱ्या असतात). डगआऊटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकाच्या, टोकाला बॅग घेऊन बसणारी बाई, ती मी. मी स्काऊट नाही. तुमच्या मुलाची बॅट न बघता मी तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही, आणि निम्मं उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. पण ट्रेनरच्या टेबलावर पोरं जे बोलतात ते मॅनेजरसमोर (संघाच्या मुख्य कोचसमोर) बोलत नाहीत. आणि क्लबने सोडून दिलेल्या प्रत्येकाची शेवटची शारीरिक तपासणी आमच्याकडे होते, त्यामुळे कोण टिकतं आणि कोण घरी जातं हे मी जवळून पाहिलंय.

तुम्ही उंचीबद्दल विचारलंत. मला विचाराल तर तुमची खरी अडचण त्या ५,००० डॉलरमध्ये आहे. त्याकडे येते, पण आधी गावस्करांचा मुद्दा, कारण तो प्रत्येक मराठी घरातून येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही.

क्रिकेटमध्ये फलंदाजाला चहूबाजूंना मोकळं रान असतं. लेट कट आहे, लेग ग्लान्स आहे. चेंडू जमिनीलगत गेला तर उलट बरंच, आणि मारल्यावर धावलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला तिथे तंत्राच्या जोरावर १० हजारांच्या पुढे कसोटी धावा काढता येतात. बेसबॉलमध्ये मैदान ९० अंशांचंच. त्याच्या बाहेर गेलेला फटका फुकट. आत जमिनीवर मारला तर इन्फिल्डचे (बेसांजवळचे) चार जण टिपायला बसलेले असतात आणि धावावं तर लागतंच. म्हणून चेंडू त्यांच्या डोक्यावरून, आणि जोरात, जावा लागतो. बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त असला की तो 'हार्ड हिट' धरतात, आणि आज प्रत्येक क्लब प्रत्येक मुलाचा हा आकडा साठवतो. लांब हात आणि अंगात वजन असलं की हा आकडा सहज मिळतो. तुमच्या मुलाला तोच आकडा गाठायला शरीराचा शेवटचा थेंब पिळावा लागतो, तोही हंगामात सव्वाशेच्या वर सामने आणि समोर ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल असताना. बाऊ का, याचं उत्तर एवढंच. स्काऊट मूर्ख म्हणून उंची मोजत नाहीत. उंचीवरून ते ताकदीचा अंदाज बांधतात, आणि हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो.

बऱ्याचदा म्हणजे नेहमी नाही, आणि लहान चणीच्या मुलाला जागा मिळते ती त्या फटीतून. गेल्या काही वर्षांत नियम बदलल्यामुळे ही फट थोडी रुंदावलीय. २०२३ मध्ये मेजर लीगने बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच केला, पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) बेसवरच्या धावपटूकडे चेंडू फेकून त्याला थोपवण्यावर मर्यादा आणली आणि सेकंड बेसच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन इन्फिल्डर ठेवायची सक्ती केली. परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते (म्हणजे फटका नसताना धावपटूने पुढचा बेस गाठला), २०२३ मध्ये ३,५०३. पूर्वी सेकंड बेसमनला मागे, उजव्या मैदानात उभं करून त्याची कमी चपळाई झाकता यायची. आता त्याला स्वतःच्या पायांनी चेंडू गाठावा लागतो. चपळ पोरांची किंमत त्यामुळे वाढली. तुमचा मुलगा चपळ आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उजव्या हाताने फटका मारून पहिल्या बेसपर्यंत पोचायला मेजर लीगची सर्वसाधारण वेळ ४.३ सेकंद धरतात, डावखुऱ्याला ४.२. पाच फूट सहा इंचांचा मुलगा ४.३ ला पोचत असेल तर तो क्लबच्या लेखी चपळ नाही, सर्वसाधारण आहे. लहान आणि सर्वसाधारण वेगाचा, हे जोडपं वाईट.

दुसरी गोष्ट स्ट्राइक झोनची. हिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. झोन म्हणजे ती अदृश्य चौकट, जिच्यातून चेंडू गेला की न मारताही फलंदाजाविरुद्ध 'स्ट्राइक' धरतात. तो फलंदाजाच्या अंगावर ठरतो, त्यामुळे बुटक्याचा झोन लहान हवा. प्रत्यक्षात पंच सवयीने साधारण एकच झोन धरतात आणि बुटक्या पोराच्या छातीवरून गेलेला चेंडूही स्ट्राइक म्हणून देतात. हात चोळत परत येणारी अशी मुलं मी कितीतरी पाहिली. आता ट्रिपल-एमध्ये यंत्राने झोन मोजतात आणि २०२६ पासून मेजर लीगमध्येही पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं. त्यात झोनचा वरचा काठ उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालचा २७ टक्क्यांवर धरतात. म्हणजे सहा फूट तीन इंचांच्या फलंदाजाचा झोन उभा सुमारे साडेपन्नास सेंटीमीटर, तुमच्या मुलाचा साडेचव्वेचाळीसच्या आसपास. जवळजवळ एका चेंडूएवढी जागा कमी. ज्याची नजर चांगली आहे आणि जो वाईट चेंडू सोडतो, त्याला हे चांगलंच फळतं. (गंमत अशी की इतकी वर्षं सगळी बुटकी पोरं संघाच्या यादीत स्वतःला एक-दोन इंच वाढवून लावायची. आता क्लबची माणसं बूट काढून उंची मोजतात आणि वाढीव इंच नुकसानीचा ठरतो.) मात्र खालच्या पायऱ्यांवर अजून बरेचसे सामने पंचांच्या डोळ्यांवरच चालतात, तेव्हा हा फायदा मिळायला आधी वर पोचावं लागतं.

आता ५,००० डॉलर.

ड्राफ्ट न झालेल्या मुलाला क्लब दीड लाख डॉलरपर्यंत देऊ शकतो आणि त्याचा भार क्लबच्या ड्राफ्टच्या ठरलेल्या रकमेवर पडत नाही. त्या मर्यादेत तुमच्या मुलाला ५,००० देऊ केलेत. हा अपमान समजू नका. कॉलेज संपलेल्या मुलाकडे "नाही तर मी परत कॉलेजात जातो" असं म्हणायची सोय नसते, म्हणून त्याचा बोनस लहानच असतो. पण मायनर लीगमध्ये बोनसच्या आकड्यावरून पुष्कळ ठरतं. किती वेळा अपयशी होऊ देतील, तेसुद्धा त्यावरून ठरतं. क्लबने ज्याच्यावर मोठी रक्कम घातलीय त्याला फॉर्म गेला तरी रोज खेळवतात, कारण रक्कम घालणारा अधिकारीही त्या निर्णयाला बांधलेला असतो. पाच हजारवाल्याचे तीन आठवडे वाईट गेले की तो बाकावर बसतो, आणि बाकावर बसून कुणाचा फॉर्म परतत नाही.

हे उंचीवर नाही हे दाखवायला दोन नावं पुरेत. टरमार जॉन्सन साधारण पाच फूट आठ इंचांच्या आतबाहेरचा सेकंड बेसमन. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि ७० लाखांहून जास्त डॉलर दिले. २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत त्याची सरासरी .२५० च्या (म्हणजे चार वेळांत एक यशस्वी फटका) खाली होती, तरी तो पायऱ्या चढत राहिला. अन्यायाची गोष्ट नाही ही, तो वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा पहिला बेस) भरपूर घेतो आणि वयाने लहान होता. पण त्याला थांबायला वेळ मिळाला हे खरं. दुसरं नाव तुम्ही मनात आधीच घेतलं असेल: होसे आल्टुवे, पाच फूट सहा इंच. व्हेनेझुएलात माराकायला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या चाचणीतून त्याला लहान म्हणून घरी पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी परत गेला, आणि २००७ मध्ये १५,००० डॉलरवर त्याचा करार झाला. २०११ च्या जुलैत मेजर लीगमध्ये बोलावणं येण्याआधी त्या हंगामात खालच्या संघांमधून त्याची सरासरी होती .३८९. एकाला .२५० च्या खाली चालून गेलं, दुसऱ्याला .३८९ दाखवावं लागलं. तुमचा मुलगा या दुसऱ्या रांगेत उभा आहे, आणि त्या रांगेतही तो आल्टुवेपेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. आल्टुवेने सही केली ती १६ व्या वर्षी.

म्हणून घरात आल्टुवेचं नाव घेऊ नका, असं मी सगळ्या आईवडिलांना सांगते. तीन वेळा फलंदाजीचा किताब आणि २०१७ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा माणूस कुणाच्या मुलासाठी मोजपट्टी होऊ शकत नाही, तो उंच असो वा बुटका. त्यापेक्षा डेव्हिड एक्स्टाइन पाहा. पाच फूट सहा-सात इंच, फ्लोरिडा विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून चाचणी देऊन संघात शिरलेला, १९९७ मध्ये १९ व्या फेरीत बॉस्टनने घेतलेला. २००० साली बॉस्टनने त्याला मोकळं केलं आणि एंजल्सनी उचललं. २००२ मध्ये एंजल्सबरोबर आणि २००६ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सबरोबर तो जगज्जेत्या संघात होता, आणि २००६ च्या वर्ल्ड सीरिजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडूही. त्याची गोष्ट तुमच्या मुलाच्या जास्त जवळ आहे, कारण त्यात एक क्लब "नको" म्हणतो आणि दुसऱ्याला नेमका तोच हवा असतो. कमी बोनसच्या मुलाला मायनर लीगमधून वर जायची वाट बहुतेक वेळा दुसऱ्या क्लबातून असते.

तुमच्या प्रश्नात जाता जाता एक ओळ होती, भारतीय मुलांकडे कमी बघतात का. माझ्या पाहण्यात नाही. २०२३ मध्ये टोरांटो ब्लू जेजनी अर्जुन निम्मालाला पहिल्याच फेरीत, २० व्या क्रमांकावर घेतलं. बॅट चालली की आडनाव कुणी विचारत नाही.

माझ्या कामाचा भाग आता. लहान चणीच्या पोरांची सगळ्यांत मोठी लढाई वजन टिकवण्याची असते. सिंगल-ए आणि हाय-एचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, १३२ सामने, आठवड्यात सहा, सोमवारी सुट्टी आणि त्याच सोमवारी बसचा प्रवास. दक्षिणेतल्या उकाड्यात २१० पौंडांच्या माणसाचे दहा पौंड उतरले तर त्याला थोडं हलकं वाटतं. १५५ पौंडवाल्याचे दहा उतरले की चेंडू आऊटफिल्डरच्या (लांबच्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात पडायला लागतात. आकडेवारीत ते जुलैच्या अखेरीस दिसतं, माझ्या वजनकाट्यावर जूनमध्येच दिसायचं. कोच स्विंग बदलायला बसतो आणि खरं कारण असतं पोरगं रात्री अकराला सामना संपल्यावर न जेवता झोपतं हे. तुमचा मुलगा शाकाहारी असेल तर आत्ताच नियोजन करा. क्लब जेवण देतो, पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं देतो, पण रस्त्यावरच्या संघासाठी मागवलेल्या जेवणात शाकाहाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा भात आणि बीन्सच येतात.

हिवाळ्यात मात्र "अंग कमाव, २० पौंड वाढव" या सल्ल्यापासून त्याला जपा. चार महिन्यांत भराभर वाढवलेल्या वजनाने पाय जड होतात, आणि त्याची अर्धी किंमत पायांत आहे. पाच-सात पौंड, मांड्या आणि पाठीवर, सावकाश. बस.

आणि एक कळकळीची सूचना. भारतातून आणलेली कुठलीही पावडर, गोळी, चूर्ण, ताकदीचं म्हणून आजीने पाठवलेलं काहीही त्याने घ्यायचं नाही. मायनर लीगमध्ये उत्तेजकांची चाचणी होते आणि अंगात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची, माहीत होतं की नव्हतं हे कुणी विचारत नाही. खेळासाठी प्रमाणित असा शिक्का नसलेला डबा उघडायचाच नाही. ५,००० डॉलरवाल्याची बंदी संपेपर्यंत क्लब वाट पाहत बसत नाही.

दुखण्याबद्दलही याच जातीची गोष्ट. कमी बोनसची मुलं दुखणं लपवतात, कारण दहा दिवस बाहेर बसलं तर जागा जाईल ही भीती असते, आणि ती भीती खोटी नसते. बॅटच्या मुठीवर खाली असणाऱ्या हाताच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ दुखायला लागलं तर मात्र लपवू नये. तिथे हॅमेट नावाचं एक आकड्यासारखं हाड असतं, लाकडी बॅटची मूठ नेमकी त्यावर रुतते आणि ते मोडतं. वेळेत कळलं तर काही आठवड्यांत मुलगा परत खेळतो. लपवलं तर उरलेला हंगाम ताकदीशिवाय काढतो, आणि क्लबच्या नोंदीत "दुखापत" असं काही नसतं, नुसती पडलेली सरासरी असते. शिवाय नोंद झालेल्या दुखापतीचा उपचार ही क्लबची जबाबदारी. न नोंदवलेल्या दुखण्याचं पुढे काही सिद्ध करता येत नाही.

पैशाचं थोडक्यात, कारण हे आकडे सरळ आहेत. २०२३ च्या सामूहिक कराराने वर्षाचा किमान पगार ठरला: रुकी पातळीवर १९,८००, सिंगल-एत २६,२००, हाय-एत २७,३००, डबल-एत ३०,२५० आणि ट्रिपल-एत ३५,८०० डॉलर. त्याआधी सिंगल-एत ११,००० मिळायचे, तेव्हा पूर्वीच्या हलाखीच्या कहाण्या ऐकून घाबरू नका. राहण्याची सोय २०२२ पासून क्लब करतो. जगता येतं, साठत काही नाही. मेजर लीगचा किमान पगार २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार आहे, पण तिथे ३० क्लबांचे प्रत्येकी २६ म्हणजे एकूण ७८० जण, आणि खाली प्रत्येक क्लबला १६५ खेळाडूंची मर्यादा, म्हणजे पाच हजारांच्या आसपास मुलं. ही मर्यादा आधी १८० होती, २०२४ मध्ये कमी झाली. २०२१ मध्ये खालचे संघही सुमारे १६० वरून १२० वर आणले. या दोन्ही कपातींत पहिला बळी गेला तो तुमच्या मुलासारख्यांचा: पदवी झालेली, कमी बोनसची, संघ पुरा करायला उपयोगी पडणारी मुलं.

'संघ पुरा करायला' हे शब्द जरा लक्षात ठेवा. क्लब दोन प्रकारच्या मुलांना करार देतो. काही घडवायला, बाकीची घडणाऱ्यांना खेळायला नऊ जण लागतात म्हणून. दुसऱ्या प्रकाराला क्लबहाऊसमध्ये 'ऑर्ग गाय' (ऑर्गनायझेशनचा गडी) म्हणतात. वाईट माणसं नसतात ती. कोचांची लाडकी असतात, तीन जागांवर खेळतात, कुरकुर करत नाहीत. आपला मुलगा कुठल्या प्रकारात आहे हे क्लब कधीच तोंडाने सांगत नाही, पण खुणा असतात. आठवड्यात सहापैकी चार सामने सुरुवातीपासून खेळला तर ठीक. दोनच खेळत असेल, काही दुखत नसताना 'डेव्हलपमेंट लिस्ट'वर जात असेल, तर क्लबला त्याच्या जागेची गरज आहे, त्याची नाही. आणि एक खूण अशी की पालक तिला हमखास पेढे वाटतात: अचानक सिंगल-एतून ट्रिपल-एत बोलावणं. वर कुणाला तरी दुखापत झालेली असते, पाच दिवस एक हातमोजा, म्हणजे मैदानात उभं राहायला कुणी तरी, हवा असतो, आणि ज्याची प्रगती अडली तरी चालेल असा मुलगा पाठवतात. आठवड्याने तो परत खाली. खऱ्या होतकरूला असं वरखाली नाचवत नाहीत.

मग सही करावी का? माझ्या मते पुढच्या गोष्टी जुळल्या तर करावी. लाकडी बॅटने त्याने कुठे तरी, उन्हाळी लीगमध्ये का होईना, बरं मारलेलं असावं. कॉलेजच्या धातूच्या बॅटचे आकडे मी धरत नाही, त्या बॅटमध्ये लहान मुलाची चूक लपते. त्याला शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागी) निदान कामचलाऊ उभं राहता यावं, कारण फक्त सेकंड बेस खेळणारा कमी बोनसचा मुलगा संघात ठेवणं मॅनेजरला परवडत नाही. सेंटर फिल्ड (मागची मधली जागा) जमलं तर सोन्याहून पिवळं. आणि चेंडू त्याला आपल्या बाजूला (उजव्या हाताने मारणारा असेल तर डाव्या मैदानात), हवेत मारता यायला हवा. बुटक्या फलंदाजाचे होमरन (भिंतीपलीकडे जाणारे फटके) मैदानाच्या मध्यावरून जात नाहीत, कोपऱ्यातून जातात, जिथे भिंत जवळ असते. आल्टुवे हेच करतो, ह्यूस्टनच्या डाव्या कोपऱ्यात भिंत ३१५ फुटांवर आहे. तुमच्या मुलाला कॉलेजच्या कोचने "लहान आहेस, चेंडू जमिनीवर ठेव आणि धाव" असं चार वर्षं शिकवलं असेल, तर त्याला हे आत्ता, २२ व्या वर्षी, नव्याने शिकावं लागेल. कठीण आहे, पण शिकलेली मुलं मी पाहिलीत.

स्काऊटला फोन करून काही गोष्टी सरळ विचारा, त्यात उद्धटपणा नाही. यंदा तुम्ही सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉप मिळून किती मुलं घेतलीत? पुढच्या एप्रिलमध्ये तो कुठल्या संघात असेल असं तुम्हाला वाटतं? त्याच्यातलं नेमकं काय बघून फोन केलात? या शेवटच्या प्रश्नाला "मेहनती आहे, डोकं चांगलं आहे" असं उत्तर आलं तर तो संघ पुरा करायला चाललाय. "त्याचा स्विंग हुकण्याचं प्रमाण फार कमी आहे", "वाईट चेंडूंच्या मागे जात नाही" असं काही मोजलेलं कारण आलं तर क्लबातल्या कुणाला तरी त्याच्यात खरोखर काही दिसलंय. आणि पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची तरतूद करारात घालता येते का, हेही बोनसबरोबरच विचारा. सही झाल्यावर ती घालून मिळत नाही.

किती वर्षं, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी वर्षं मोजायला सांगत नाही, पायरी मोजायला सांगते. २३ व्या वर्षी पहिला पूर्ण हंगाम सिंगल-ए किंवा हाय-एत, नियमित खेळून. २४ व्या वर्षाच्या अखेरीस डबल-ए. डबल-एत पिचर तीन-तीन चेंडू हवे तिथे टाकतात, खरी गाळणी तिथे आहे. २४ संपताना तो तिथे नसेल, आणि त्याला मोठी दुखापत झालेली नसेल, तर तिसरं वर्ष देऊ नये असं माझं मत. मध्येच क्लबने सोडलं तर फ्रंटियर लीगसारख्या स्वतंत्र लीगमध्ये एक उन्हाळा काढून बघता येतो, त्यातले दोन संघ तर न्यू जर्सीतलेच आहेत, पॅटरसनचे जॅकल्स आणि ससेक्स काउंटीचे मायनर्स. पगार नावापुरता, पण मुलगा घरी जेवेल.

"वाया" या शब्दाशी मात्र मी सहमत नाही, तेही मर्यादित अर्थाने. पगारातला फरक खरा आहे, तो नाकारू नका. पण बेसबॉल आज मोजमापाने भरलेला आहे आणि क्लबांना दोन्ही भाषा येणारी माणसं हवी असतात: जो स्वतः फलंदाजाच्या बॉक्समध्ये उभा राहिलाय आणि ज्याला आकडे वाचता येतात. इंजिनिअर झालेला माजी सेकंड बेसमन त्यांच्या कामाचा असतो. जुन्या काळचं उदाहरण हवं असेल तर अर्ल वीव्हर, पाच फूट सात इंच, सेकंड बेस, १९४८ मध्ये कार्डिनल्सबरोबर करार. मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पुढे बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर म्हणून १,४८० सामने जिंकले, १९७० ची वर्ल्ड सीरिज जिंकली, पंचांशी भांडून नव्वदहून अधिक वेळा मैदानाबाहेर गेला आणि हॉल ऑफ फेममध्येही गेला.

सही करायच्या आधी शक्य असेल तर एक संध्याकाळ मुलाला घेऊन ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचा सामना बघा, तो यांकीजचा डबल-ए संघ आहे. पिचरचे चेंडू बघू नका. सामन्याआधीचा सराव बघायला लवकर जा आणि इन्फिल्डच्या पोरांच्या शेजारी आपला मुलगा कसा दिसेल ते दोघांनी पाहा. त्याला त्यांचे हात आणि पाय बघायला सांगा. परतताना गाडीत तो गप्प आहे की बोलतोय, यावरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

नोकरी सोडू नका, पुढे ढकला. कंपनीला खरं कारण सांगून रुजू व्हायची तारीख वर्षभराने मागा. अमेरिकन मॅनेजरला "मुलगा व्यावसायिक बेसबॉल खेळायला चाललाय" हे कारण समजतं, मी अशी पत्रं मंजूर झालेली पाहिलीत. नाही म्हणाले तर मग निर्णय मुलाचा, आणि तो त्यालाच घेऊ द्या. स्काऊट "आज रात्री सांगा" म्हणेल. त्याच्याकडून दोन दिवस मागून घ्या, पहिल्या दिवशी कंपनीला ते पत्र पाठवा.